पीजीटीआयचा एक मोसम : एका फटक्याची किंमत केव्हा किती असते

पुण्याच्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांचा मुलगा २१ वर्षांचा असून हौशी गटाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये सातत्याने वरच्या क्रमांकांत येतो, पदवी हातात येताच त्याला व्यावसायिक व्हायचे आहे, आणि प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआयवर एक मोसम खेळणे म्हणजे नेमके काय, त्याला किती पैसा लागतो, कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, कसे टिकते आणि किती वर्षे वाट पाहावी, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. मी या टूरवर खेळाडू म्हणून बरीच वर्षे काढली असून आता तरुण व्यावसायिकांना शिकवतो. थोडक्यात उत्तर असे, की चांगला खेळ असलेली मुले पहिल्याच मोसमात मागे पडतात त्याचे कारण बहुधा त्यांच्या स्विंगमध्ये नसते. एकाच फटक्याची किंमत मोसमाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर फार वेगवेगळी असते, आणि ती त्यांना कोणी समजावून सांगितलेली नसते. पुढचे सगळे विवेचन याच मुद्द्याभोवती आहे.

प्रथम टूरची रचना पाहू. पीजीटीआयची स्थापना २००६ मध्ये झाली आणि तेव्हापासून देशातील पुरुषांचे व्यावसायिक गोल्फ मुख्यतः याच संस्थेच्या वेळापत्रकावर चालत आले आहे. २०२४ मध्ये कपिल देव तिचे अध्यक्ष झाले. खेळाडूंची वर्षभराची क्रमवारी, जिला सगळे जण ऑर्डर ऑफ मेरिट म्हणतात, ती रुपयांत मोजली जाते. म्हणजे ज्याने वर्षभरात अधिक बक्षीस रक्कम मिळवली तो वर. सरासरी स्कोअर, कट (दोन फेऱ्यांनंतरची छाटणी) पार केल्याची संख्या किंवा विजेतेपदे यांचा त्या यादीशी थेट संबंध नाही. ही गोष्ट साधी वाटते, पण मोसमाचे सगळे नियोजन तिच्यावर उभे राहते, कारण ५० लाखांच्या स्पर्धेतला दहावा क्रमांक आणि २ कोटींच्या स्पर्धेतला दहावा क्रमांक यांत यादीच्या दृष्टीने चौपट अंतर असते. स्पर्धांमधून जागतिक क्रमवारीचे गुणही मिळतात. मात्र पहिल्या मोसमात त्या गुणांचा विचार करण्याचे कारण नाही.

टूरवर प्रवेश क्यू-स्कूलमधून, म्हणजे पात्रता स्पर्धेतून, होतो. वर्षाच्या सुरुवातीला प्राथमिक फेऱ्या होतात, त्यांतून निवडलेले खेळाडू ७२ होलांच्या अंतिम फेरीत खेळतात आणि तिथले साधारण पहिले तीस जण पूर्ण कार्ड घेऊन बाहेर पडतात. आधीच्या वर्षीच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये साधारण पहिल्या साठांत असलेल्यांना क्यू-स्कूलला पुन्हा यावे लागत नाही. आपण ध्यानात घ्यावे, की क्यू-स्कूलच्या यादीतही क्रमांक महत्त्वाचा असतो. तिथे पाचवा आलेला मुलगा आणि अगदी काठावर कार्ड मिळालेला मुलगा या दोघांच्या हातात कागद सारखाच पडतो, परंतु ज्या स्पर्धेत जागा कमी असतात, विशेषतः परदेशी टूरच्या सहमान्यतेने होणाऱ्या मोठ्या स्पर्धेत, तिथे वरच्याला प्रवेश मिळतो आणि खालचा राखीव यादीत थांबतो. म्हणून क्यू-स्कूलच्या शेवटच्या दिवशी कार्ड पक्के झाले असे वाटताच अनेक मुले ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, मध्यभागी सुरक्षित खेळू लागतात, ते मला पटत नाही. त्या दिवशी वाचवलेले दोन फटके पुढच्या डिसेंबरपर्यंत उपयोगी पडतात.

मोसम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो, एप्रिलच्या आसपास थांबतो, कडक उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग सोडून ऑगस्टच्या सुमारास पुन्हा उभा राहतो आणि डिसेंबरमध्ये संपतो. मोसमाची अखेर बरीच वर्षे जमशेदपूरला बेल्डी आणि गोलमुरी या मैदानांवर होत आली आहे. मधल्या काळात टूर दिल्ली आणि तिच्या आसपासची गुरुग्राम, नोएडा, ग्रेटर नोएडा ही मैदाने, चंडीगड, कोलकात्याचा रॉयल कलकत्ता आणि टॉलीगंज क्लब, अहमदाबादजवळची मैदाने, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, कोइंबतूर असा फिरतो. बांगलादेश आणि श्रीलंका येथेही स्पर्धा झाल्या आहेत आणि तिथले खेळाडू आपल्या टूरवर खेळले आहेत. बांगलादेशच्या सिद्दिकूर रहमानने तर इथे अनेक विजेतेपदे मिळवली. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर आणि ऑक्सफर्ड रिसॉर्टवर टूर येऊन गेलेला आहे. पण महाराष्ट्राच्या वाट्याला येणारे आठवडे थोडे आहेत, आणि घरचे मैदान म्हणून मिळणारा फायदा एका मराठी मुलाला वर्षातून फार तर एक-दोनदा मिळतो, हे धरूनच चालावे. उलट दिल्लीच्या परिसरात वाढलेल्या मुलाला तो फायदा कितीतरी अधिक वेळा मिळतो. त्यामुळे माझे पुण्या-मुंबईच्या मुलांना नेहमी सांगणे असते, की शक्य असल्यास मोसमाच्या उत्तरार्धात दोन-तीन जणांनी मिळून गुरुग्राम किंवा नोएडात एखादी खोली घ्यावी. प्रवास वाचतो हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या गवताची आणि हवेची सवय होते.

आता आठवड्याकडे वळू. टीव्हीवर पाश्चात्त्य स्पर्धा पाहणाऱ्यांना गोल्फची स्पर्धा गुरुवार ते रविवार असते असे वाटते. पीजीटीआयची नेहमीची स्पर्धा मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपते, कारण शनिवार-रविवारी मैदान क्लबच्या सभासदांना हवे असते आणि बहुतेक स्पर्धा सभासदांच्या क्लबांवरच होतात. पुरस्कर्त्यांच्या पाहुण्यांबरोबरचा प्रो-ॲम बहुधा मुख्य स्पर्धेच्या आगेमागे एखाद्या दिवशी असतो. याचा व्यावहारिक परिणाम असा, की सलग दोन स्पर्धा असतील तर शुक्रवारी संध्याकाळी एक शहर सोडून शनिवारी दुसरे गाठायचे, आणि रविवार-सोमवार या दोनच दिवसांत नवे मैदान समजून घ्यायचे. कट चुकलेला खेळाडू बुधवारी संध्याकाळीच मोकळा होतो आणि त्याला चार दिवस मिळतात. पुष्कळ मुले ते चार दिवस त्याच शहरात रेंजवर चेंडू मारत, स्विंगमध्ये काय बिघडले याचा शोध घेत घालवतात. माझ्या मते बुधवारी कट चुकला तर गुरुवारी पूर्ण विश्रांती घ्यावी, शुक्रवारी पुढच्या मैदानावर जावे आणि बाकीच्यांच्या आधी तिथली ग्रीन्स पाहून घ्यावीत. चुकलेल्या कटचा एवढाच फायदा असतो आणि तो वाया घालवू नये.

मैदानात साधारण १२० ते १२६ खेळाडू असतात. दोन फेऱ्यांनंतर पहिले ५० आणि पन्नासाव्या क्रमांकावर बरोबरीत असलेले सगळे पुढच्या दोन फेऱ्या खेळतात. बाकीच्यांना काहीही मिळत नाही. कटरेषा ही मोसमातली सर्वांत महागडी रेषा आहे आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

अलीकडच्या मोसमांत बहुतेक मुख्य स्पर्धांची एकूण बक्षीस रक्कम १ कोटी रुपयांच्या आसपास असते, काहींची त्याहून अधिक असते. १ कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला सुमारे १५ लाख मिळतात आणि उपविजेत्याला सुमारे १० लाख. तिथून रक्कम वेगाने उतरते. दहाव्या क्रमांकाच्या आसपास ती दोन लाखांच्या घरात असते, आणि कट पार केलेल्यांपैकी तळाशी असलेल्याला एक लाखाहून कमी मिळते. म्हणजे पन्नासाव्यापासून तिसाव्या क्रमांकापर्यंत चढले तर काही हजारांचा फरक पडतो, तिसाव्यापासून दहाव्यापर्यंत चढले तर लाखभराचा, आणि दहाव्यापासून पहिल्यापर्यंतचा फरक तर सगळ्या वर्षाच्या खर्चाएवढा असतो. वितरणाची ही वक्ररेषा मुलाने कागदावर काढून भिंतीवर लावावी, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

कारण तिच्यातून खेळण्याची रीत ठरते. बुधवारी दुपारी, शेवटचे पाच-सहा होल उरले असताना खेळाडू कटरेषेवर असेल, तर एका फटक्याची किंमत साठ-सत्तर हजार रुपये असते : एक फटका जास्त गेला तर हातात शून्य, एक फटका वाचला तर काही ना काही नक्की. तिथे अवघड कोपऱ्यातल्या पिनकडे (होलमधल्या झेंड्याकडे) चेंडू मारण्याला अर्थ नाही. ग्रीनच्या मध्यभागी चेंडू ठेवावा, दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या घरंगळत्या फटक्यांत) पार, म्हणजे त्या होलचे ठरलेले फटके, घ्यावा आणि पार-फाइव्हवर, म्हणजे पाच फटक्यांच्या होलवर, तीन फटक्यांत ग्रीन गाठून बर्डीची, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी लागण्याची, संधी घ्यावी. याउलट शुक्रवारी सकाळी तोच खेळाडू पस्तिसाव्या क्रमांकावर असेल, तर एका फटक्याने खाली घसरल्यास त्याचे नुकसान फार थोडे होते आणि पारपेक्षा चार फटके कमी खेळून पंधराव्या क्रमांकावर पोहोचला तर कमाई दुपटीच्याही वर जाऊ शकते. तिथे धीट खेळणे हेच शहाणपणाचे असते. नवी मुले नेमके उलट करतात. बुधवारी घाबरून धाडस करतात, कारण बर्डी हवी असते; आणि शुक्रवारी कट पार केल्याच्या समाधानात ग्रीनच्या मध्यभागी मारत बसतात, पंच्याहत्तर फटक्यांच्या आत राहिलो म्हणून खूश होतात. अशा मुलाचा वर्षअखेरचा आलेख पाहिला तर कट पार केल्याची संख्या बरी असते, पण प्रत्येक वेळी क्रमांक चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असतो, आणि तो साठांच्या बाहेर राहून पुन्हा क्यू-स्कूलला येतो.

पालकांना खर्चाची चिंता असते आणि ती रास्त आहे. एका आठवड्याचा खर्च असा मांडावा : प्रवेश शुल्क, येण्याजाण्याचे तिकीट आणि त्यावर गोल्फ बॅगेचे जादा सामान शुल्क, सहा रात्रींची राहण्याची सोय, जेवण, मैदानापर्यंतची रोजची गाडी आणि कॅडीचे, म्हणजे बॅग उचलणाऱ्या साथीदाराचे, आठवड्याचे मानधन. दोघांनी खोली वाटून घेतली आणि तिकिटे वेळेवर काढली तरी माझ्या अंदाजाने हा आकडा ५० ते ७० हजारांच्या दरम्यान जातो. मोसमात अठरा ते वीस आठवडे खेळायचे ठरवले तर १० ते १४ लाख रुपये बाजूला असावेत. प्रशिक्षक, व्यायाम, फिजिओ आणि साहित्य यांचा खर्च वेगळा. अर्धे कट पार केले आणि प्रत्येक वेळी क्रमांक चाळिशीच्या पुढे राहिला, तर येणारी रक्कम करकपात आणि कॅडीची टक्केवारी जाऊन खर्चाच्या निम्म्यापर्यंतही कशीबशी पोहोचते. त्याच मुलाने त्याच नऊ-दहा आठवड्यांतून तीन वेळा पहिल्या दहांत यायचे जमवले, तर हिशेब तोट्याकडून फायद्याकडे वळतो आणि कार्डही बहुधा टिकते. मोसम विजेतेपदावर अवलंबून असतो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. पहिल्या वर्षाच्या मुलासाठी मोसम तीन-चार चांगल्या शुक्रवारांवर अवलंबून असतो.

एक सूचना आवर्जून. सगळा पैसा आधीच गोळा झालेला असावा, किंवा निदान पहिल्या अर्ध्या मोसमाचा तरी. पुढच्या आठवड्याचे तिकीट या आठवड्याच्या बक्षिसातून काढायचे आहे अशा स्थितीत मुलगा खेळू लागला, की बुधवारी कटरेषेवर त्याचा हात हलका राहत नाही. घरून पैसे देणार असाल तर रक्कम वर्षाच्या सुरुवातीला एकदाच ठरवून द्यावी आणि नंतर आठवड्याच्या आठवड्याला हिशेब विचारू नये.

मैदानांविषयी आता लिहितो, कारण आपल्या टूरचे खरे वैविध्य तिथे आहे. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानावर फेअरवे अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना दाट झुडपे आहेत. तिथे चेंडू आत गेला तर तो परत बाहेर काढण्याचा प्रश्नच बहुधा उरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप या मैदानावर झाली, तेव्हा रोरी मॅकलरॉयसारख्या जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एका खेळाडूने ड्रायव्हर हा सर्वांत लांब मारण्याचा क्लब बाजूला ठेवण्याची भाषा केली, आणि ती स्पर्धा टॉमी फ्लीटवूडने जिंकली, ज्याची ओळख अचूक लोखंडी फटक्यांसाठी आहे. आपल्या मुलांना ही गोष्ट दिल्लीला पहिल्यांदा जाण्याआधी सांगावी. घरी मोकळ्या मैदानावर ३०० यार्डांचा ड्रायव्हर मारणारा मुलगा तिथे टी-शॉटला (होलच्या पहिल्या फटक्याला) लोखंडी क्लब घेण्यात कमीपणा मानतो आणि दोन दिवसांत घरी येतो.

गुरुग्रामच्या डीएलएफचे मैदान, जिथे इंडियन ओपन ही देशाची राष्ट्रीय खुली स्पर्धा होते, ते याच्या अगदी उलट, लांब आणि शिक्षा करणारे आहे. रॉयल कलकत्ता हा १८२९ पासूनचा क्लब; तिथे जमीन सपाट आहे, पाण्याची तळी जागोजाग आहेत, आणि टी-शॉट कुठल्या बाजूला ठेवला यावर पुढचा फटका सोपा की अवघड हे ठरते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे कोलकात्याच्या तुलनेत तिथे चेंडू साधारण तीन ते चार टक्के पुढे जातो. १६० यार्डांच्या फटक्यात पाच-सहा यार्डांचा हा फरक ग्रीन आणि बंकर यांमधला फरक असतो. पुणे उंचीच्या दृष्टीने या दोहोंच्या मध्ये येते, म्हणून पुण्यात पक्की केलेली क्लबांची अंतरे दोन्हीकडे चुकतात. दिल्ली-चंडीगडच्या डिसेंबरमध्ये थंड, जड हवेमुळे चेंडू आखूड पडतो आणि सकाळी दवाने ओल्या ग्रीनवर पट संथ जातो, तर दुपारी तीच ग्रीन बऱ्यापैकी वेगवान होते. बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवताचा कल, ज्याला खेळाडू ग्रेन म्हणतात, पटला उतारापेक्षाही अधिक वळवू शकतो. होलच्या कडेला एका बाजूचे गवत तुटक आणि पिवळसर दिसते, त्या बाजूला कल आहे हे ओळखायला शिकावे. हे मी मुलांकडून सरावाच्या दिवशी प्रत्येक ग्रीनवर मोठ्याने बोलून घेतो, कारण स्पर्धेच्या घाईत डोळा फक्त उतार पाहतो.

उत्तरेतल्या धुक्याचा स्वतंत्र उल्लेख हवा. हिवाळ्यात पहिला गट सकाळी ठरलेल्या वेळी निघू शकत नाही, दिवस लहान असतो, संध्याकाळी अंधारामुळे खेळ थांबतो आणि उरलेले होल दुसऱ्या दिवशी पहाटे खेळावे लागतात. असा बुधवार गुरुवारपर्यंत लांबतो आणि कटरेषेवरचा मुलगा रात्रभर तीन होल डोक्यात घेऊन झोपतो. कधी कधी स्पर्धा ५४ होलांची केली जाते. जो खेळाडू या थांबण्याचा वैताग करतो त्याचा आठवडा तिथेच संपतो. थांबलेल्या वेळात काय खायचे, किती वेळ आधी पुन्हा अंग गरम करायचे, किती चेंडू मारायचे, हे ठरलेले असावे. माझ्या पाहण्यात मुंबई-पुण्याची मुले या बाबतीत सर्वांत कच्ची असतात, कारण घरी त्यांना धुके कधी आडवे आलेले नसते.

कॅडीविषयी फार लिहीत नाही. पहिल्या मोसमात जवळचा मित्र बॅग उचलायला नेण्यापेक्षा त्या त्या क्लबचा अनुभवी कॅडी घ्यावा. आपल्या टूरवरचे कित्येक मोठे खेळाडू स्वतः कॅडी किंवा मैदानावरच्या कामगारांच्या घरांतून आले आहेत. कोलकात्याचे एसएसपी चौरासिया, ज्यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन जिंकली, ते रॉयल कलकत्ताच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या वडिलांचे पुत्र; आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीच्या कॅडींमधून वर आले. महूचे मुकेश कुमार वयाच्या ५१ व्या वर्षी, २०१६ मध्ये, एशियन टूरवरची पॅनासॉनिक ओपन जिंकले. ही माणसे ग्रीन ज्या बारकाईने वाचतात, त्यातला थोडासा अंश तरी स्थानिक कॅडीकडून मुलाला मिळतो. मुकेश कुमारांसारख्या ज्येष्ठांबरोबर एखादी सरावफेरी खेळायची संधी मिळाली, तर मुलाने कितीही थकला असला तरी ती सोडू नये.

आता मधली सुट्टी. एप्रिल ते ऑगस्ट या काळात टूरवर थोडेच खेळले जाते आणि मोसम प्रत्यक्षात याच महिन्यांत घडतो किंवा बिघडतो, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या अर्ध्या मोसमातून मुलगा काही ठोस माहिती घेऊन परत येतो : १०० ते १५० यार्डांच्या आतले फटके होलपासून सरासरी किती अंतरावर थांबतात, सहा ते दहा फुटांचे पट किती टक्के जातात, बुधवारच्या शेवटच्या नऊ होलांत तो पारच्या तुलनेत कुठे असतो. या सुट्टीत स्विंग मुळापासून बदलायचा मोह पुष्कळांना होतो आणि काही प्रशिक्षकही तो मोह वाढवतात. चार महिन्यांत नवा स्विंग बसत नाही. ऑगस्टमध्ये मुलगा अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या स्विंगने उभा राहतो आणि मोसमातल्या मोठ्या रकमांचे आठवडे त्याच अवस्थेत निघून जातात. या काळात वेज या क्लबने खेळायचे जवळचे फटके, पटिंग आणि शरीर एवढ्यावरच काम करावे. पुण्यात जून ते सप्टेंबर मैदान ओले असते आणि चेंडू उचलून, पुसून ठेवण्याच्या स्थानिक नियमाने खेळले जाते, त्यामुळे मुलांना स्वच्छ चेंडूवर खेळायची सवय लागते. सप्टेंबरमध्ये बाहेर कोरड्या, उघड्या जमिनीवरून वेज मारायची वेळ आली की ती सवय अंगाशी येते. म्हणून जुलैत निदान काही दिवस कोरड्या हवेच्या ठिकाणी जाऊन सराव करावा.

मोसमाच्या शिखरावर काय आहे, हेही सांगणे आवश्यक आहे. ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये पहिला येणाऱ्याला युरोपातल्या डीपी वर्ल्ड टूरचे कार्ड मिळण्याची सोय अलीकडच्या वर्षांत झाली. २०२२ चा पहिला मनू गंडास, २०२३ चा ओम प्रकाश चौहान आणि २०२४ चा वीर अहलावत हे त्या वाटेने गेले. वीरने २०२४ मध्ये दीड कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी गुरुग्रामच्या इंडियन ओपनमध्ये, जिथे जपानचा केइता नाकाजिमा जिंकला, तो संयुक्त दुसरा आला होता. मनू गंडास आणि ओम प्रकाश यांच्यापैकी कोणीही परदेशी अकादमीत घडलेला नव्हता. ओम प्रकाश तर मुकेश कुमारांच्याच महूचा. आपल्या मुलाला पुण्याचे उदाहरण हवे असेल तर उदयन माने आहे. देशांतर्गत टूरवर लागोपाठ जिंकत त्याने जागतिक क्रमवारीत जे स्थान मिळवले, त्याच्या जोरावर अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिल्योने माघार घेताच तो टोकियो ऑलिंपिकमध्ये अनिर्बन लाहिरीबरोबर भारताकडून खेळला. लाहिरीचा जन्मही पुण्याचाच. मला या उदाहरणाचा विशेष अभिमान वाटतो, कारण ते स्थान आपल्याच कट आणि शुक्रवारांतून जमा झाले होते.

२०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग ही वेगळी मालिका सुरू झाली आणि काही नामवंत खेळाडू तिकडे गेले. नवोदिताने या वादात पडू नये. त्याने एवढेच पाहावे, की आपण ज्या स्पर्धांत खेळू त्यांची कमाई कोणत्या क्रमवारीत धरली जाते आणि एकीकडे खेळल्याने दुसरीकडचे सभासदत्व अडचणीत येते का. दोन्हीकडच्या अटी मोसमागणिक बदलतात. सही करण्यापूर्वी त्या लेखी मागवून वाचाव्यात.

किती वर्षे द्यावीत, या प्रश्नाला माझे उत्तर तीन पूर्ण मोसम असे आहे, मात्र प्रत्येक मोसमाची कसोटी वेगळी ठेवून. पहिल्या वर्षी क्रमांकाकडे पाहू नये. निम्म्याहून अधिक कट पार झाले का, आणि बुधवारचा शेवटचा नवक (नऊ होल) मंगळवारच्या पहिल्या नवकापेक्षा वाईट जात नाही ना, एवढेच तपासावे. दुसऱ्या वर्षी शुक्रवार पाहावा : कट पार केलेल्या आठवड्यांत बुधवारच्या स्थानापेक्षा शुक्रवारचे स्थान वर गेले का. तिसऱ्या वर्षी कार्ड क्यू-स्कूलशिवाय टिकले पाहिजे. ते टिकले नाही आणि शुक्रवारचा आलेखही खालीच राहिला, तर मुलाशी शांतपणे बोलून शिकवण्याच्या, क्लब व्यवस्थापनाच्या किंवा त्याच्या पदवीच्या क्षेत्राकडे वळण्याचा विचार करावा. गोल्फमध्ये तिशीनंतर बहरलेले खेळाडू आहेत, पण त्यांचे आकडे तिशीच्या आधीही हळूहळू का होईना वर सरकत होते.

आणि पहिल्या क्यू-स्कूलमध्ये कार्ड मिळाले नाही, तर लगेच परदेशी टूरच्या क्यू-स्कूलांवर पैसे खर्च करू नयेत. २०२४ पासून पीजीटीआयने नेक्सजेन नावाची दुय्यम मालिका सुरू केली आहे. तिच्यातल्या रकमा लहान आहेत आणि त्यांतून खर्च भागेल अशी अपेक्षा ठेवू नये, परंतु तिथे कट असतो, यादी असते, प्रवास असतो आणि मुख्य टूरवर चढण्याची वाट असते. हौशी दर्जा एकदा सोडला की तो परत मिळवण्यासाठी अर्ज करून प्रतीक्षा करावी लागते, म्हणून निर्णयाआधी एक गोष्ट करून पाहावी : शक्य असेल तर निमंत्रणावर हौशी म्हणून पीजीटीआयच्या एक-दोन स्पर्धा खेळाव्यात आणि त्या बुधवारी संध्याकाळी मुलाचे नाव यादीत कुठे राहते ते पाहून मगच क्यू-स्कूलचा अर्ज भरावा.